चिगोंगमधला श्वास नेमका ठरवला कोणी?

हात वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर, हालचाल सावकाश. चिगोंग म्हणजे श्वास आणि हालचालीची चिनी साधना, हे एवढं तर आता बहुतेकांना माहितीये, त्यात परत शिरत नाही. पण व्हिडिओत "प्राचीन पद्धत" म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं आजच्या रूपात गेल्या 75 वर्षांत बसवलेलं आहे, आणि ते बसवताना झालेला एक निर्णय फारसा कोणी सांगत नाही.

मूळ जुनं आहे यात वाद नाही. इसवी सनापूर्वीच्या एका ताओवादी (ताओ ही चीनची जुनी विचारधारा) ग्रंथात जुना श्वास टाकून नवा घेणारे, अस्वलासारखं आणि पक्ष्यासारखं अंग ताणणारे लोक येतात (तिथे त्यांचं फार कौतुक नाहीये, खऱ्या ज्ञानी माणसाला याची गरज नाही असाच सूर आहे). मग 1973 मध्ये हुनान प्रांतात मावांगदुईला एक थडगं उकरलं, इ.स.पू. 168 चं, त्यात रेशमावर रंगवलेल्या 44 आकृत्या सापडल्या, बाया, पुरुष, तरुण, म्हातारे, सगळे व्यायाम करतायत. पुढे प्राण्यांच्या चालीवरचे पाच व्यायाम आले, सोंग घराण्याच्या काळात (दहावं ते तेरावं शतक) बादुआनजिन हा आठ भागांचा व्यायाम आला.

आता तो निर्णय. 1940 च्या दशकाच्या शेवटी हबेई प्रांतात कम्युनिस्ट पक्षाचा एक तरुण कार्यकर्ता पोटाच्या अल्सरने खंगला आणि गावी परतला. तिथे एका जाणत्याने त्याला श्वासाची जुनी साधना शिकवली, 102 दिवस केल्यावर तब्येत सुधारली असं त्याने सांगितलं. वरिष्ठांना यात सोय दिसली, कारण यादवी युद्धात डॉक्टर कमी, औषधं त्याहून कमी, आणि हे तर खाटेवर पडून फुकटात करता येतं. पण साधनेत मंत्र होता, सोनेरी ड्रॅगनचा, ध्यानमंदिराचा, आणि पक्षाला देवधर्म नको होता. मग 1949 च्या मार्चमध्ये बसून या सगळ्याला चिगोंग हे नाव ठरवलं, धार्मिक भाग काढला, आणि मंत्राच्या जागी तब्येतीसाठी बसतोय अशा अर्थाचं साधं वाक्य आलं.

यावर आजही दोन गट आहेत. एक म्हणतो परंपरेचा आत्मा काढून घेतला, दुसरा म्हणतो यामुळेच ती टिकली. मला दुसरं पटतं, आणि त्याचं कारण त्या शब्दांच्या कामातच आहे. एका पद्धतीत श्वास घेताना पहिला शब्द मनात म्हणायचा, मग थांबायचं आणि तेवढ्यात मधले शब्द, सोडताना शेवटचा. सुरुवात तीन शब्दांनी, सवय होईल तसे वाढवत जास्तीत जास्त नऊ. म्हणजे शब्द हे श्वासाचं माप होतं! माप तसंच ठेवलं, फक्त ड्रॅगन गेला. आजारी माणसाला उपयोग मापाचाच होता.

पण एक नुकसान नक्की झालं, श्वास कसा घ्यायचा हे ठरवायचा हक्क गुरूकडून सरकारकडे गेला. 1950 च्या दशकात तांगशान आणि मग समुद्रकाठच्या बेइदाइहला चिगोंगने उपचार करणारी सॅनेटोरियम निघाली, 1956 मध्ये ताईचीचा (चिगोंगसारख्याच सावकाश हालचालींची चिनी कसरत) 24 हालचालींचा सरकारी सेट आला, आणि सांस्कृतिक क्रांती (जुनं ते मोडून काढायची माओची मोहीम) आल्यावर त्याच सरकारने चिगोंगला अंधश्रद्धा ठरवून सॅनेटोरियम बंद पाडली.

परत सुरुवात केली ती एका पेशंटने. 1970 च्या दशकात बीजिंगमध्ये कॅन्सर झालेली एक चित्रकार बाई बागेत चालत चालत श्वास घ्यायला शिकवू लागली, नाकाने दोनदा आत, एकदा बाहेर, ऐकू येईल असा, टाच आधी टेकवायची, हात झुलते. कॅन्सर बरा होतो हे काही सिद्ध झालेलं नाही. पण जे गुरू एकेकट्याला गुपचूप द्यायचे ते तिने उघड्यावर घोळक्याला शिकवलं, पोलिसांनी हटकलं तरी, आणि मला ही या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

1980 च्या दशकातली लाट मात्र भलतीकडेच गेली. मास्तरच्या हातातून "ची", म्हणजे प्राणशक्ती, निघते म्हणे, स्टेडियम भरून व्याख्यानं, आणि स्वतःचा श्वास राहिला बाजूला. एप्रिल 1999 मध्ये अशाच लाटेतून वाढलेल्या एका पंथाचे 10,000 हून जास्त लोक बीजिंगमध्ये सत्ताकेंद्राबाहेर जमले, जुलैत बंदी आली, आणि बाकीचे गटही भरडले गेले.

त्यानंतर क्रीडा खात्याने 2003 मध्ये चिगोंगचे चार सेट जाहीर केले. त्यातल्या बादुआनजिनमध्ये नवशिक्याने आधी नेहमीचा श्वास घ्यायचा, जमलं की पुढे उलटा, म्हणजे घेताना पोट आत आणि सोडताना बाहेर. आपल्याकडे प्राणायामात बहुतेक ठिकाणी पोट बाहेर शिकवतात, त्यामुळे आपल्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो. 2020 मध्ये वुहानच्या तात्पुरत्या कोविड हॉस्पिटलांत पेशंट खाटांच्या मधल्या जागेत हाच बादुआनजिन करत होते, आणि फुप्फुसं थकलेल्या माणसाला उलट्या श्वासाच्या भानगडीत न पाडता पहिल्या पायरीवरच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे.