फेस की पाथ? गोल्फच्या शिकवणीतल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

खारघरच्या ड्रायव्हिंग रेंजवर एकाच आजाराची दोन निदानं मिळू शकतात. बॉल सरळ निघाला आणि शेवटी उजवीकडे वळला, की जुन्या पठडीतला प्रो म्हणतो, "फेस ओपन राहतोय, मनगट फिरवा." शेजारी रडारचं यंत्र मांडून बसलेला तरुण कोच तोच बॉल बघून म्हणतो, "फेस ठीक आहे, पाथ डावीकडे चाललाय." (फेस म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा पृष्ठभाग. तो लक्ष्याच्या उजवीकडे रोखलेला असला की ओपन, डावीकडे असला की बंद. पाथ म्हणजे फटका मारताना क्लब ज्या दिशेने जातो तो मार्ग.) दोघांचीही फी भरलेला विद्यार्थी मधल्या मध्ये अडकतो. हे दोघं एकमेकांना खोटं का ठरवतात, हे कळायला गेल्या पन्नास-साठ वर्षांत स्विंग कसा शिकवला गेला ते बघावं लागतं. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून लिहिलंय. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. मुंबईत पहिला गोल्फ क्लब 1842 साली निघाला, चेंबूरचा 1927 साली. मधल्या काळात खेळाचं साहित्य बदललं आणि त्यानुसार स्विंगही. हिकरीच्या लाकडी दांड्याला पीळ पडायचा, म्हणून मनगटं सैल ठेवून हातांनी फटका सावरावा लागे. अमेरिकेने 1924 साली आणि ब्रिटनने 1929 साली पोलादी शाफ्टला, म्हणजे दांड्याला, मान्यता दिली. पोलादी शाफ्टला पीळ कमी पडत असल्याने हातांची ती कसरत लागेना. कंबर, पाय आणि खांदे वापरून मोठा, तोच तोच फटका मारता येऊ लागला. आज "मॉडर्न स्विंग" म्हणून जे शिकवतात त्याचं मूळ इथे आहे.

भारतात मात्र शिकवणी पुस्तकातून आलीच नाही, ती कॅडीकडून आली. सभासदाची बॅग उचलणारा मुलगा दिवसभर शंभर स्विंग बघायचा, संध्याकाळी कुणाची तरी मोडकी सात नंबरची आयर्न (धातूच्या पात्याचा, मधल्या अंतराचा क्लब) घेऊन फेन्सिंगपलीकडे ते मारून बघायचा. 1965 साली इंडियन ओपन एका भारतीय हौशी खेळाडूने जिंकली होती. पण ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक 1991 साली मिळाला, आणि तो दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणून वाढला होता. मुंबई परिसरातल्या जुन्या प्रोंपैकी अनेकांची शाळाही हीच. या शाळेची ताकद नजरेत आहे. विद्यार्थ्याचे दोन-तीन फटके बघून त्याचा दिवस कसा जाणार, हे ही माणसं सांगतात. शब्द मात्र त्यांच्याकडे मोजकेच: डोकं खाली, हळू मार, फेस बंद कर.

इकडच्या विद्यार्थ्यांचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे क्रिकेट. ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर किंवा वाशी-नेरुळच्या मैदानांवर लहानपण गेलेला माणूस चाळिशीत गोल्फला येतो, तेव्हा बॉलवरून नजर काढायची नाही हे बाळकडू घेऊनच येतो. म्हणून "डोकं खाली ठेव" हा सल्ला त्याला लगेच पटतो, आणि तो मान इतकी घट्ट आवळतो की खांदे पुढे फिरतच नाहीत. स्वीडनची एक महान खेळाडू बॉलला क्लब लागण्याआधीच डोकं लक्ष्याकडे वळवत असे. तिने दहा मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. तरी हा सल्ला काही मरत नाही.

आता मुख्य वादाकडे. बॉल कुठल्या दिशेने निघतो आणि नंतर कुठे वळतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जुना नियम असा: स्विंगचा मार्ग, म्हणजे पाथ, बॉलची सुरुवातीची दिशा ठरवतो आणि क्लबचा फेस त्याचं वळण ठरवतो. अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या संघटनेने 1990 साली काढलेल्या शिकवणीच्या जाड पुस्तिकेतही हीच मांडणी होती, आणि तिच्यावर जगभरच्या प्रशिक्षकांची एक पिढी तयार झाली. ऐकायला नियम अगदी सरळ आहे. हात जिकडे गेले तिकडे बॉल जाणार, यात शंका घ्यावी असं काय?

तो नियम प्रत्यक्षात वापरून बघू. लक्ष्य 150 यार्डांवर आहे, आणि त्याच रेषेत 40 यार्डांवर एक झाड उभं आहे. बॉल झाडाच्या उजवीकडून काढून डावीकडे वळवायचा आहे. जुन्या नियमाने पाय आणि स्विंग झाडाच्या उजवीकडे, समजा 8 अंश, वळवायचे आणि फेस मात्र थेट लक्ष्याकडे ठेवायचा. बॉल 8 अंश उजवीकडे निघेल आणि मग वळून येईल, ही अपेक्षा. म्हणजे झाडापाशी तो साडेपाच यार्डांहून जास्त लांबून जायला हवा.

तसं होत नाही. मोजमाप सांगतं की आयर्नने मारलेल्या बॉलच्या सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा साधारण 75 टक्के आणि पाथचा उरलेला. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबमध्ये, फेसचा वाटा 85 टक्क्यांच्या आसपास जातो. फेस लक्ष्याकडे आणि पाथ 8 अंश उजवीकडे असेल तर बॉल जेमतेम 2 अंश उजवीकडे निघतो. झाडापाशी हे अंतर दीड यार्डसुद्धा भरत नाही, म्हणजे बॉल थेट फांद्यांत. आणि चुकून सुटलाच, तर तो लक्ष्याच्या डावीकडे जातो, कारण फेस आणि पाथ यांच्यातला फरकच बॉलच्या फिरकीचा अक्ष कलवतो आणि बॉल वळवतो. नवा नियम तो हाच: निघण्याची दिशा मुख्यतः फेसची, वळण फेस आणि पाथ यांच्यातल्या अंतराचं.

इथे मला त्या पुस्तिकेपेक्षा जास्त खटकतं ते दुसरंच. बॉल झाडावर आदळला की शिक्षक म्हणायचा, "फेस लवकर बंद केलास." नियम शाबूत राहायचा आणि चूक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हायची. अशी सोय असलेला नियम मोडणं कठीण असतं. चांगले खेळाडू मैदानावर वेगळंच करत होते. त्यांना बॉल झाडाच्या उजवीकडून काढायचा असला की तेही फेस लक्ष्याच्या थोडा उजवीकडेच ठेवायचे. वर्गात मात्र जुनं वाक्य म्हणायचे.

बरं, खरं माहीतच नव्हतं असंही नाही. 1968 साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने स्विंगचा कित्येक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि सुरुवातीच्या दिशेवर फेसचा पगडा असतो हे त्यात आलेलं होतं. 1994 साली अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाने त्याची भूमितीही मांडली. तरी प्रशिक्षकांच्या वर्गात जुनाच नियम चालू राहिला. कारण साधं आहे: डोळ्याला यातलं काहीच दिसत नाही. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढे. ताशी 160 किलोमीटर वेगाने येणारं क्लबहेड साध्या व्हिडिओच्या एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत पावणेदोन मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. शिक्षकाला बॅकस्विंग दिसतो, फॉलो-थ्रू दिसतो, पण ज्या क्षणावर भांडण आहे तोच दिसत नाही.

जुन्या प्रोंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. त्यांचं स्पष्टीकरण चुकीचं असलं तरी औषध बऱ्याचदा लागू पडायचं. स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा बॉल, मारणाऱ्याला त्यांनी ग्रिप घट्ट करायला नव्हे, तर दोन्ही हात दांड्यावर उजवीकडे फिरवून धरायला सांगितलं. त्याने फेस बंद होतो आणि पहिले पाच-सहा बॉल सटासट डावीकडे जातात. मग माणूस घाबरून, कुणी न सांगता, स्विंग उजवीकडे ढकलू लागतो. म्हणजे पाथ आपोआप सुधारतो. शिक्षक समजतो फेस दुरुस्त केला, प्रत्यक्षात पाथ दुरुस्त झालेला असतो. हे औषध मधेच सोडलं तर मात्र स्लाइसऐवजी हुक, म्हणजे डावीकडे वळत जाणारा बॉल, पदरात पडतो. आपल्याकडच्या रेंजवर असे अर्धवट बरे झालेले पुष्कळ भेटतील.

वाद मिटवला तो यंत्राने. डेन्मार्कमध्ये 2003 साली स्थापन झालेल्या एका कंपनीने, संरक्षण क्षेत्रात तोफगोळ्यांचा माग काढायला वापरतात ते डॉप्लर रडारचं तंत्र गोल्फच्या बॉलला लावलं. क्लबहेडचा मार्ग, बॉलचा वेग, उडण्याचा कोन आणि फिरकी हे सगळं एका फटक्यात पडद्यावर यायला लागलं. 2009 च्या सुमारास या आकड्यांवरून प्रशिक्षकांत उघड खडाजंगी झाली. काहींनी जाहीरपणे जुना नियम सोडला, काहींनी यंत्रालाच दोष दिला. पुढच्या काही वर्षांत प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही बदलत गेला.

यंत्रवाल्यांनीही अति केलं, हे नमूद करायला हवं. वरचे टक्के लागू होतात ते बॉल फेसच्या मध्यावर लागला तरच. ड्रायव्हरच्या टोकाला, म्हणजे दांड्यापासून लांबच्या बाजूला, लागला तर फेस आणि पाथ काहीही सांगोत, बॉल डावीकडे वळण्याकडे झुकतो. टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळ, लागला तर उजवीकडे. म्हणून लाखोंच्या यंत्राआधी फेसवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मारून बॉलचा ठसा कुठे उमटतो ते बघावं. मेडिकलच्या दुकानात मिळतो. किती तरी "पाथ बिघडलेल्यांचा" रोग खरं म्हणजे फेसच्या टाचेवर असतो, असं माझं मत.

हे सगळं आपल्या भागात उशिरा पोचलं, कारण इथे शिकायला जागाच नव्हती. ठाण्यातल्या माणसाला सभासदाची ओळख काढून चेंबूर गाठावं लागे. शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने 2010 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत खारघरच्या डोंगरांमध्ये कोर्स खुला केला आणि क्लबचा सभासद नसलेल्यालाही खेळण्याची वाट मिळाली. सरकारी पैशातून गोल्फ का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो वावगा नव्हता. सीवूडच्या पाणथळीवरच्या नियोजित कोर्सचं भांडण तर न्यायालयापर्यंत गेलं, पण तो फ्लेमिंगोंचा विषय आहे आणि इथे मावणार नाही. शिकणाऱ्यांच्या दृष्टीने बदल एवढाच, की बादलीभर बॉल घेऊन तासभर उभं राहता येऊ लागलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली बंगळुरूची एक मुलगी चौथी आली. शनिवारी पहाटे उठून ती शेवटची फेरी बघणाऱ्यांना बर्डी आणि बोगीतला फरकही त्याच दिवशी कळला. पालक मुलींनाही रेंजवर आणू लागले ते त्यानंतर.

बादलीची मात्र एक गंमत आहे. शंभर बॉल, एकच क्लब, एकच लक्ष्य, असा सराव करणाऱ्याला पन्नासाव्या बॉलला वाटतं की जमलं. कोर्सवर पहिल्याच टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, ते नाहीसं होतं. 1979 साली अमेरिकेत हातांच्या हालचालींवर झालेल्या एका प्रयोगात हे नीट दिसलं: एकच कृती सलग करणाऱ्यांची सरावात प्रगती झपाट्याने होते, पण काही दिवसांनी तपासलं तर कृती आलटून पालटून करणारे पुढे असतात. प्रयोग गोल्फचा नव्हता, तरी बादली तशीच रिकामी करावी: एक ड्रायव्हर, एक आठ नंबर, एक वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब), आणि प्रत्येक बॉलला नवं लक्ष्य. बॉल कमी लागतात, घाम जास्त येतो.

दुसरी अडचण मॅटची. रबरी मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो. मॅटवर बॉलच्या चार बोटं मागे टॉवेल घडी करून ठेवला की लबाडी लगेच उघडी पडते.

सराव कशाचा करायचा, यावरही एक जुनी समजूत आहे: ड्राइव्ह दाखवायला, पैसे पटिंगला. (ड्राइव्ह म्हणजे टीवरून मारलेला लांब फटका. पटिंग म्हणजे ग्रीनवर, भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, बॉल भोकाकडे ढकलणं.) अमेरिकन टूरवर प्रत्येक फटक्याची नोंद होऊ लागली, 2011 पासून त्यावरून "स्ट्रोक्स गेन्ड" हे माप अधिकृतपणे वापरात आलं, आणि ही समजूत बरीचशी डळमळली. सर्वोत्तम आणि सामान्य खेळाडूंच्या गुणांतल्या फरकापैकी साधारण दोन तृतीयांश भाग 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो, असं त्या हिशेबात निघालं. आपल्याकडे ग्रीनवर पोचेपर्यंतच दोन बॉल ओढ्यात घालवणाऱ्याने संध्याकाळभर पटिंग करण्यात अर्थ नाही, हे त्याच्या कॅडीला कुठलीही आकडेवारी न बघता माहीत असतं.

पावसाळ्यात चार महिने बॉल पडल्या जागी रुततो, रोल मिळत नाही, आणि अनेक जण ठाण्या-वाशीतल्या वातानुकूलित सिम्युलेटरकडे वळतात. तिथले आकडे वाचताना दोन गोष्टी बघाव्यात. कॅमेऱ्यावर चालणारी बरीच स्वस्त यंत्रं क्लबचा फेस मोजत नाहीत, बॉलच्या उड्डाणावरून त्याचा अंदाज काढतात. त्यामुळे टाचेला लागलेला बॉल ती "ओपन फेस" म्हणून दाखवू शकतात. आणि रेंजवरचे झिजलेले बॉल चांगल्या बॉलपेक्षा कमी जातात, म्हणून तिथलं अंतर आणि सिम्युलेटरचं अंतर एका वहीत लिहू नये.