मूळ बाजारात, झाड हिमालयात

काष्ठौषधींच्या दुकानात कोष्ठ मागा, दुकानदार तपकिरी मुळाचे तुकडे कागदात बांधून देतो. तुकडा मोडून नाकाशी धरला की उग्र, गोडसर वास थेट डोक्यात जातो. कोष्ठकोळिंजनातलं कोष्ठ ते हेच. गोव्यातल्या घरांनी हे मूळ उगाळलं, पण झाड पाहिलेलं माणूस विरळाच. गार्सिया द ऑर्टाचीही तीच गत होती.

पणजीतल्या उद्यानाला नाव आहे तो हा पोर्तुगीज वैद्य. 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात कोष्ठावर एक संवाद आहे. जुने ग्रंथकार अरबी, सीरियन, भारतीय असे वेगवेगळे कोष्ठ मानत. ऑर्टाने ठणकावलं: गुजरातेत उपलेट म्हणा, मलायात पुचो म्हणा, वस्तू एकच. निवाडा बरोबर निघाला. पत्ता मात्र चुकला. झाड मांडू-चित्तोडकडचं, असं त्याने लिहिलं.

पुढे घोळ वाढला. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये 'कॉस्टस' हे नाव भलत्याच, आल्याच्या नात्यातल्या वनस्पतींना दिलं. पावसाळ्यात आपल्याकडे पांढऱ्या फुलांनी उठून दिसणारा पेवा त्यांच्यातच गणला गेला.

खरं झाड वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू फाल्कनर यांनी 1840च्या सुमारास काश्मीरच्या उंच उतारांवर ओळखलं: माणसाएवढं वाढणारं, काट्याच्या फुलांसारखे काळपट जांभळे गुच्छ धरणारं, सूर्यफुलाच्या कुळातलं. त्यांनी गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑकलंडच्या नावाने 'ऑकलंडिया' ही नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) केली. पण वनस्पतिशास्त्रज्ञ क्लार्क यांनी 1876 मध्ये ते 'सॉसुरिया' या प्रजातीत घातलं, म्हणजे हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाच्या शेजारी. (आपल्या गॅलरीत रात्री फुलणारं 'ब्रह्मकमळ' हे मेक्सिकोकडचं निवडुंग, त्याचा इथे संबंध नाही.)

सॉसुरिया हा तसा अडगळीचा माळाच. चारशेहून अधिक जाती, त्यातल्या बऱ्याच हिमालय-तिबेटच्या उंचीवर झपाट्याने फुटलेल्या. थंडीपासून फुलं झाकणारी पारदर्शक पानं एकाच घराण्याची खूण मानली जात. डीएनएने दाखवलं, ती खूण वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलेली आहे. कोष्ठही डीएनए आणि फुला-फळांची रचना एकत्र तपासल्यावर सॉसुरियाबाहेर पडलं. 2020 मध्ये त्याला 'डोलोमिया' या दुसऱ्या प्रजातीत हलवण्यात आलं. काही अभ्यासक मात्र फाल्कनर यांच्या ऑकलंडियालाच धरून आहेत. पेवाही 2006 मध्ये अशाच तपासणीने 'कॉस्टस'मधून निघाला.

बेसुमार खणतीमुळे रानातलं कोष्ठ दुर्मिळ झालं आणि 1985 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सर्वात कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. पण तस्करीत पकडलेल्या भुकटीला ना पान ना फूल. तिथे डीएनए वाचूनच माल ओळखावा लागतो.