ब्राउझर मागे नेता येतो, वही नाही

पंचवटी कारंज्याजवळ माझ्या मावसभावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जूनमध्ये तिथे सकाळपासून रांग लागते. अशाच एका सकाळी त्याचा फोन आला. "दादा, ब्राउझर अपडेट झाला आणि फॉर्मची पावती अर्धीच छापून येतेय. एकाने सांगितलं म्हणून जुनं व्हर्जन टाकलं, तर सगळं कोरं! बुकमार्क नाहीत, पासवर्ड नाहीत. गिऱ्हाईक उभं आहे."

गंगापूर रोडवरून मी पोचेपर्यंत त्याने फायरफॉक्सचं तेच जुनं व्हर्जन काढून पुन्हा एकदा टाकलं होतं. पडदा कोराच. पण माहिती कुठेही गेली नव्हती. ती होती तिथेच होती, फक्त जुन्या ब्राउझरने तिला हात लावला नव्हता. आणि लावला नाही हे फार बरं झालं.

ब्राउझर म्हणजे संगणकावर दोन वेगवेगळ्या जागी राहणाऱ्या दोन गोष्टी. एक खुद्द प्रोग्रॅम. तो काढला, पुन्हा टाकला, तरी काही बिघडत नाही. दुसरी प्रोफाइल, म्हणजे तुमचे बुकमार्क, इतिहास, कुकी, पासवर्ड, सेटिंग यांचं फोल्डर. अनइन्स्टॉल केल्यावर साधारणपणे प्रोग्रॅम जातो, प्रोफाइल मागे राहते. प्रोग्रॅमचं वय तुम्ही हवं तसं बदलू शकता. प्रोफाइलचं वय एकाच दिशेने वाढतं.

मी त्याला त्याच्याच उधारीच्या वहीवरून समजावलं. पूर्वी तिच्यात नाव, काम आणि रक्कम असे तीन रकाने होते. आता त्याने रकमेच्या आधी 'रोख की ऑनलाइन' असा चौथा रकाना आखलाय. दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला पोरगा आज अचानक गल्ल्यावर बसला, तर सवयीने तिसऱ्या रकान्यात रक्कम लिहील. वही फाटणार नाही, पण महिनाअखेरीस हिशेब लागणार नाही.

फायरफॉक्स आणि क्रोम, दोघंही आपली बरीचशी माहिती एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतात. या फाइलचे पहिले 100 बाइट म्हणजे तिचं मुखपृष्ठ. त्यात सुरुवातीचे 60 बाइट सोडले की पुढच्या चार बाइटांत एक आकडा असतो. फाइलची मांडणी कितवी आहे, हे टिपायला प्रोग्रॅमने तो वापरावा म्हणून ही जागा राखलेली आहे. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि इतिहास ज्या फाइलमध्ये असतात, तिच्यात हा आकडा असतो. नवी आवृत्ती सुरू झाली की तो वाचते, आपल्यापेक्षा लहान दिसला तर रकाने वाढवते, जुन्या नोंदी नव्या जागी हलवते आणि शेवटी नवा आकडा लिहिते. ही पायरी वर चढायची असते. उतरायची पायरी जुन्या आवृत्तीत कोण बांधणार? ती लिहिली गेली तेव्हा पुढची मांडणी कुणाच्या डोक्यातही नव्हती.

म्हणून फायरफॉक्सने 2019 मध्ये, 67व्या आवृत्तीपासून, एक राखणदार बसवला. ही प्रोफाइल याआधी कोणत्या आवृत्तीने उघडली होती, याची नोंद प्रोफाइलमध्येच असते. आता उघडू पाहणारी आवृत्ती तिच्याहून जुनी निघाली, तर ती प्रोफाइल न उघडता नवी, कोरी प्रोफाइल बनवायला सांगते. घाईत आपण बटण दाबतो आणि माहिती पुसली गेली असं समजून हादरतो. हा राखणदार बाजूला सारायची एक आज्ञाही आहे. माझं कळकळीचं सांगणं, रोजच्या प्रोफाइलवर ती वापरू नका.

खरं तर मागे जाण्याआधी दहा मिनिटं थांबावं. प्रायव्हेट विंडोमध्ये तेच पान उघडून बघा, एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे अ‍ॅड-ऑन, बंद करून बघा, कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या पानांच्या जुन्या प्रती, साफ करा. अनेकदा दोष आवृत्तीचा नसतोच. आमच्याकडे नवी आवृत्ती परत टाकून हे सगळं करूनही पावती अर्धीच आली, तेव्हा मागे जायचं ठरवलं.

पहिलं काम प्रोफाइलची प्रत काढायचं, आणि तेही ब्राउझर पूर्ण बंद करून. एसक्यूलाइटमधल्या ताज्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये साचू शकतात आणि नंतर मुख्य फाइलमध्ये उतरतात. ब्राउझर चालू असताना कॉपी केली, तर अर्धवट प्रत हाती येण्याचा धोका असतो. फायरफॉक्समध्ये पासवर्ड एका फाइलमध्ये असतात आणि ते उलगडायची किल्ली दुसऱ्या फाइलमध्ये. एकच उचलली तर उपयोग शून्य. दोन्ही उचलल्या आणि प्रायमरी पासवर्ड, म्हणजे त्या किल्लीवरचं कुलूप, लावलेला नसेल, तर ती प्रत ज्याच्या हाती लागेल त्याला सगळे पासवर्ड मिळाले असं समजा.

मग जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये आणि वेगळ्या, कोऱ्या प्रोफाइलसह टाकायची. नवी आहे तशीच राहू द्यायची. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्या तो बनवणाऱ्या मोझिलाने आपल्या संग्रहात खुल्या ठेवल्या आहेत, त्या तिथूनच घ्याव्यात. 'जुनं क्रोम मोफत' म्हणत कुणीही देऊ केलेली सेटअप फाइल घेऊ नये. टाकल्याबरोबर अपडेट 'विचारून करा' असं ठेवावं, नाहीतर जुनी आवृत्ती लवकरच आपोआप नवी होते. तुम्हाला फक्त सतत बदलणारं रूप नको असेल, तर फायरफॉक्सची ईएसआर ही शाखा जास्त चांगली. तिच्यात वर्षभर नवी वैशिष्ट्यं येत नाहीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र येत राहतात. पण नेहमीच्या आवृत्तीवरून ईएसआरवर येणं हेही मागे येणंच आहे, तेव्हा प्रोफाइल तिथेही वेगळी हवी.

दुरुस्त्यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. सप्टेंबर 2023 मध्ये वेबपी चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या सामायिक कोडमध्ये भोक सापडलं. मुद्दाम तसं घडवलेलं एक चित्र पानावर आलं, की हल्लेखोराला ब्राउझरमध्ये शिरायची वाट मिळू शकत होती. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही काही दिवसांत दुरुस्ती दिली. पण दुरुस्ती जाहीर झाली की भोक नेमकं कुठे होतं हेही जगाला कळतं, आणि जुनी आवृत्ती वापरणारा माणूस त्या भोकासकट उघड्यावर राहतो. त्यात आणखी एक गोष्ट. अ‍ॅड-ऑन अस्सल आहेत का हे ज्यावरून तपासलं जातं, त्या मोझिलाच्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत 14 मार्च 2025 ला संपली. 128च्या आधीच्या फायरफॉक्समध्ये, 115.13 पासूनच्या ईएसआरचा अपवाद वगळता, त्यानंतर अ‍ॅड-ऑन बंद पडू शकतात. म्हणजे फार मागे गेलात, तर जाहिराती अडवणारं तुमचं कवचही गळून पडेल.

मावसभावाच्या डेस्कटॉपवर त्या दिवशी दोन चिन्हं झाली. जुन्याचं नाव आम्ही 'फक्त पावती' ठेवलं. त्यात ते एकच संकेतस्थळ. बँक नाही, मेल नाही, गिऱ्हाइकाचा डिजीलॉकर तर नाहीच. नव्या ब्राउझरमध्ये मूळ प्रोफाइल निवडली आणि सगळे बुकमार्क पडद्यावर परत आले. रांगेतल्या एका ताईंनी फॉर्म भरायला खुर्ची पुढे ओढली.

पुढची आवृत्ती आली तेव्हा त्याने तिच्यावर आधी एकच पावती छापून पाहिली. खालची बारकोडची ओळ पूर्ण आली. संध्याकाळी त्याने 'फक्त पावती' काढून टाकलं, आणि प्रोफाइलची प्रत असलेला पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवून वरून कुलूप लावलं.