शब्बाथशाळा, गावचा मास्तर आणि टिळकांचे घर

आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत तरुणांचा विषय निघाला की ठरलेली वाक्ये ऐकू येतात. मुले उपासनेला येत नाहीत, दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, झाले की दिसेनाशी होतात, तरुण संघात चारच डोकी उरली आहेत. मग शिबिर ठरते आणि बाहेरून वक्ता बोलावला जातो. तळमळ खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण तरुणांना विश्वासात वाढवण्याचे काम आपल्या आधीच्यांनी कसे उभे केले हे पाहू लागलो, की कार्यक्रम मागे पडतात आणि माणसे दिसू लागतात: कोणीतरी एका मुलाला नावाने ओळखत होते आणि त्याच्यासाठी वेळ काढत होते.

नव्या करारातला प्रेषित पौल आणि त्याचा तरुण सहकारी तीमथ्य यांची जोडी सगळ्यांना पाठ आहे. तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास पौल पत्रात आवर्जून आठवतो, हे मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो. पौल भेटण्याआधीच त्या पोराची मशागत दोन बायकांनी करून ठेवली होती. पुढची कितीतरी शतके हे काम असेच घरात, मठात आणि पाळकाच्या सहवासात चालले.

त्याला संघटित रूप आले ते कारखान्यांच्या काळात. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात मुले आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यांसारख्या ठिकाणी राबत आणि रविवारी रस्त्यावर मोकाट फिरत. तिथले वर्तमानपत्र चालवणारे रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये पगारी शिक्षिका नेमून या मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. अशी शाळा काढणारे ते पहिले नव्हेत. हॅना बॉल या बाईंनी हाय विकम गावी 1769 मध्येच ती काढली होती. रेक्स यांच्या हातात छापखाना होता, त्यामुळे त्यांची कल्पना देशभर पोचली. तिथे आधी वाचायला शिकवत, कारण अक्षरओळख नसलेल्या मुलाच्या हाती पवित्र शास्त्र देऊन उपयोग नव्हता. आपल्याकडे मराठी मंडळ्यांत हीच रविवारची शाळा ‘शब्बाथशाळा’ झाली.

यानंतरचे दोन टप्पे थोडक्यात सांगतो. 6 जून 1844 रोजी लंडनच्या एका कापड दुकानातले नोकर जॉर्ज विल्यम्स आणि त्यांचे मित्र प्रार्थनेसाठी जमले, त्यातून वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना उभी राहिली. मुंबईत ती 1875 मध्ये आली. 1881 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी ‘ख्रिश्चन एंडेव्हर’ हा तरुणांचा संघ काढला. त्यात तरुणांनी स्वतः सभेत बोलायचे, स्वतः प्रार्थना करायची, रोज वचन वाचण्याचा शब्द द्यायचा. ऐकणाऱ्याला बोलता करण्याची ही रीत मला या सगळ्यात मोलाची वाटते. आजही आपण तरुणांना बहुतेक वेळ ऐकवतच असतो.

महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईला उतरले आणि 1831 मध्ये मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. 1842 मध्ये तिथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले आणि पुढे मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक. पण खेड्यापाड्यांत मुले घडवली ती गावच्या मिशनशाळेतल्या मास्तराने. जिल्ह्यात ख्रिस्ती झालेली कुटुंबे बहुतेक महार आणि मांग समाजातली होती. ज्या पोरांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, त्यांना हा माणूस बाराखडी शिकवी, रविवारी उपासना चालवी, गीते म्हणून घेई आणि त्यांच्या आईबापांची पत्रेही लिहून देई. मिशनच्या इतिहासात मिशनऱ्यांची नावे ठळक आहेत. मास्तरांची बहुतेक नावे विरून गेली, याची मला फार रुखरुख वाटते.

असे मास्तर आणि पाळक जिथे तयार होत, त्या नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कवी शिकवत. ख्रिस्ताकडे त्यांची स्वतःची सुरुवातही एका अनोळखी माणसाच्या आस्थेतून झाली. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या कवितेवर गप्पा रंगल्या आणि त्याने निघताना नवा करार त्यांच्या हाती ठेवला. टिळकांना त्या माणसाचे नाव कधीच कळले नाही. पुस्तक वाचायचे कबूल केले होते म्हणून त्यांनी ते उघडले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. त्या परतल्या आणि 1900 मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

पुढच्या पिढीला टिळकांनी जे दिले त्यात पहिली गोष्ट भाषा. तोवर मराठी उपासनेत परक्या चालींवर बसवलेली भाषांतरे बरीच होती. ओवी, अभंग आणि भजन या घरच्या घाटात त्यांनी ख्रिस्त गायला आणि तरुणांना आजीच्या तोंडच्या लयीत प्रार्थना करता आली. ती गीते आजही ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आहेत आणि रविवारी म्हटली जातात.

दुसरी गोष्ट त्यांच्या घराचे उघडे दार. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना कर्नल कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ म्हटले. या पोराची कविता टिळकांनी ओळखली आणि त्याला नगरला आपल्या घरी आणले. ठोंबरे हिंदूच राहिले. टिळकांची माया त्यामुळे कमी झाली नाही आणि घरात जेवणाच्या पंगतीपासून कवितेच्या दुरुस्तीपर्यंत सगळे चालू राहिले. विश्वासात तरुण वाढवायचे म्हणजे त्याला आपल्यासारखा करून घ्यायचे, असे मानणाऱ्यांनी या घराकडे जरूर पाहावे. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांना हवे होते.

ठोंबरे 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. तेव्हा त्यांनी अठ्ठाविशीही गाठली नव्हती. पुढच्या वर्षी 9 मे रोजी टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आणि ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहायला बसल्यावर त्यांनी ठोंबऱ्यांना घरातल्या मुलासारखी जागा दिली.