नुकसान झालं की तोटा झाला?

"यंदा लई नुस्कान झालं ओ मामा, तोट्यात गेलो" असं आपण एका दमात बोलून टाकतो आणि बोलण्यात ते चालूनपण जातं, पण दोन्ही एक नव्हेत. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं आणि भात पाण्याखाली राहून कुजलं, तर ते नुकसान. 2019 च्या ऑगस्टातल्या पुरात भिंती पडल्या, तेपण नुकसानच. हातातली वस्तू बिघडली, मोडली, गेली.

आता बटाटा बघा. माल एकदम झकास, एकपण डाग नाही, पण एपीएमसीत नेला त्याच दिवशी आवक तुफान, दर पडलेला, पट्टीतनं (विक्रीच्या हिशोबातनं) हमाली आणि गाडीभाडं वजा झालं आणि बियाण्याचेपण पैसे निघाले नाहीत. हा तोटा. बटाट्याला काय झालं? काहीच नाही, हिशोब कोलमडला.

हे बघायचं कशाला, तर पिकाच्या मदतीला पंचनाम्यात सरकार फक्त पहिलं, म्हणजे नुकसान बघतं. पंचनाम्याला तलाठी येतो (आता कर्नाटकात ग्राम प्रशासन अधिकारी म्हणायचं, पण म्हणतंय कोण), तो पीक किती गेलं ते लिहितो, 33 टक्के किंवा जास्त गेलं असेल तरच आपत्ती निधीतनं मदत, तीपण 2 हेक्टरपर्यंतच. म्हणून अर्जात "एवढ्या हजारांचा तोटा झाला" असं रडगाणं नको, कुठल्या सर्व्हे नंबरात किती गुंठे भात कुजलं ते लिहा. कन्नड अर्जात 'बेळे हानी' असतं ते हेच. तोटा शब्द तिकडं घालू नका, कन्नडात तोट म्हणजे बाग, मळा! बोलताना मात्र कन्नड लोकपण लुक्सानच म्हणतात.

नुकसान झालं की तोटा होतोच असंपण नाही. थोडं पीक गेलं, पण सगळीकडंच गेल्यामुळं दर चढला, तर उरलेल्या मालावर कमावणारे असतात की.

पोराचं वर्ष वाया गेलं तर नुकसान, दावापण अब्रूनुकसानीचाच लागतो, अब्रूचा तोटा कुणी म्हणत नाही. उलट तोट्याला कमतरतेचा एक अर्थ आहे तो नुकसानाला नाही, "त्यांना काय तोटा, दोन पोरं मिलिटरीत आहेत" म्हणतात ना, तो.