कृती विकतात की कच्चा माल? फ्लेवर कंपन्यांच्या शेअरवरचा जुना वाद

तिमाही निकाल लागले की ठाण्यात नौपाड्यापासून वसंत विहारपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-नेरूळला गुंतवणूकदारांच्या छोट्या गटांत एक भांडण हमखास उकरून निघतं. विषय असतो फ्लेवर आणि सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या कंपन्यांचा. एक बाजू म्हणते, ही कृती, म्हणजे मिश्रणाचं सूत्र, विकणारी कंपनी आहे, गिऱ्हाईक एकदा लागलं की सुटत नाही, पस्तीस-चाळीसचा पीई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट) रास्तच आहे. दुसरी म्हणते, हे तेल घेऊन तेल विकणारे लोक. मालाचा भाव फिरला की मार्जिन गेलं, पंधराच्या वर कशाला मोजायचे? गंमत म्हणजे दोघंही पुरावा म्हणून एकाच कॉनकॉलमधली (कंपनीने निकालांवर गुंतवणूकदारांशी फोनवर केलेल्या चर्चेतली) वाक्यं दाखवतात. हा वाद एखाद्या तिमाहीतून निघालेला नाही. तो या धंद्याइतकाच जुना आहे.

१८७४ मध्ये जर्मनीतल्या होल्झमिंडेन गावच्या विल्हेल्म हारमान यांनी फर्डिनंड टीमान यांच्या साथीने पाइनच्या झाडातल्या कोनिफेरिन या पदार्थापासून व्हॅनिलिन तयार केलं. व्हॅनिलाची शेंग न वापरता व्हॅनिलाचा वास कारखान्यात बनू लागला. तिथून या उद्योगाच्या दोन शाखा झाल्या. एक शाखा ठरावीक रेणू टनावारी बनवते. त्याचा भाव सगळ्या बाजाराला माहीत असतो आणि उद्या कुणीही तो स्वस्तात बनवू शकतो. दुसरी शाखा असे पन्नास-साठ रेणू आणि तेलं एकत्र करून ‘भाजलेल्या बदामाची चव’ बनवते. त्याचा भाव फक्त देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक. शेअर बाजारात मात्र दोन्ही शाखा बऱ्याचदा एकाच नावाखाली नोंदलेल्या असतात.

दुसऱ्या शाखेतलं गिऱ्हाईक का टिकतं, हे बिस्किटाच्या पुड्यावरून समजतं. त्यातला फ्लेवर वजनाने एक टक्क्याहूनही कमी असतो, पण लोक तो पुडा पुन्हा घेतात तो त्या चवीसाठी. पुरवठादार बदलायचा तर चाचणीचे घाणे काढा, माल महिनोन्‌महिने ठेवून चव टिकते का ते पाहा, पुड्यावर नैसर्गिक, नेचर-आयडेंटिकल की कृत्रिम फ्लेवर हे लिहावं लागतं तेही तपासा. एवढं करून वाचणार पुड्यामागे काही पैसे. म्हणून बडी कंपनी त्या वाटेला सहसा जात नाही. अशा कंपन्या निवडक पुरवठादारांची यादी ठेवतात आणि नवीन कामाची विचारणाही त्यांच्याकडेच करतात. लहान अगरबत्तीवाला किंवा साबणवाला असा बांधलेला नसतो. त्याला किलोमागे शंभर रुपये कमी दिसले की तो दुसरीकडे जातो.

या चर्चेला ठाण्यात इतका जोर का, याचीही कारणं आहेत. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. त्याच दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल, हर्डिलिया, पॉलिओलेफिन्ससारखे रसायनांचे कारखाने आले. त्या कारखान्यांनी घडवलेले केमिस्ट, प्लँट मॅनेजर आणि खरेदी अधिकारी याच परिसरात स्थायिक झाले. आज त्यांच्यातले अनेक जण निवृत्तीचे पैसे बाजारात लावतात. त्यामुळे इथे ताळेबंद वाचणाऱ्याच्या शेजारी डिस्टिलेशन कॉलम चालवलेला माणूस बसलेला असतो. त्याला बाकी काही नाही तरी कुठला रेणू कुठल्या कच्च्या मालातून निघतो, हे पाठ असतं.

दुसरं कारण मुलुंड चेकनाक्यापलीकडचं. एस. एच. केळकर आणि कंपनी या सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या कंपनीचा व्यवसाय १९२२ चा, आणि मुलुंडशी तिचं नातं जुनं. पूर्वेकडचं केळकर ट्रस्टचं वझे महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झालं; ठाण्याच्या कित्येक घरांतली मुलं तिथून शिकून बाहेर पडली. २०१२ मध्ये ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने तिच्यात पैसे घातले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये १८० रुपये भावाने इश्यू (शेअरची पहिली जाहीर विक्री) आला, तेव्हा अर्ज भरणाऱ्यांत हिशेबाबरोबर आपुलकीही होती. (आपुलकीने घेतलेला शेअर विकायला फार जड जातो, हा इथला सार्वत्रिक आजार.) त्या वेळी तुलना थेट स्वित्झर्लंडच्या जिवोदान या बड्या फ्लेवर-सुगंध कंपनीशी झाली. तुलनेत एक गोष्ट मात्र सोईस्करपणे गळाली. केळकरचा बहुतांश धंदा सुगंधाचा आहे, खाद्य फ्लेवरचा वाटा जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय गिऱ्हाइकांत बड्या कंपन्यांबरोबर कंपनीचा ‘कोब्रा’सारख्या नावाखालचा माल घेणारे लहान उत्पादकही भरपूर. म्हणजे वर सांगितलेले दोन्ही प्रकारचे खरेदीदार एकाच खात्यात.

वादाला खरी धार आली ती ३१ ऑक्टोबर २०१७ नंतर. जर्मनीत लुडविग्सहाफेनला बीएएसएफच्या सिट्राल प्रकल्पात आग लागली. सिट्राल हा लिंबाच्या वासाचा रेणू. त्याच्यापासून पुढे आयोनोन हे सुगंधी रेणू बनतात, मेन्थॉल बनतं, अ आणि ई जीवनसत्त्वंही बनतात. तो बनवणारे जगात मोजकेच. बीएएसएफने पुरवठा थांबवल्याचं जाहीर केलं, आणि त्याच सुमारास चीनमध्ये प्रदूषणाच्या कारवाईत अनेक रसायन कारखाने बंद पडत होते. कच्चा माल आधी महागला आणि मग मिळेनासा झाला. इथल्या कंपन्यांना गिऱ्हाइकाकडून वाढीव भाव मिळायला वेळ लागला. जिला लोक कृतीची कंपनी समजत होते, तिचं मार्जिन चार हजार मैलांवरच्या एका आगीने हललं. मार्च २०२० च्या पडझडीत केळकरचा शेअर इश्यूच्या निम्म्या भावाच्याही खाली गेला होता.

आगीचा विषय निघालाच आहे तर तो इथेच सांगून टाकतो, कारण पीईवर तासभर बोलणारे लोक त्यावर मिनिटभरही बोलत नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये प्रिवी या सुगंधी रेणू बनवणाऱ्या कंपनीच्या महाडच्या कारखान्यात आग लागली. एप्रिल २०२४ मध्ये केळकरच्या वाशिवलीच्या कारखान्यात लागली. जुलै २०२४ मध्ये लुडविग्सहाफेनला पुन्हा. हा धंदा ज्वालाग्राही द्रवांचा आहे, आणि उत्पादन किती ठिकाणी विभागलेलं आहे हा प्रश्न माझ्या मते वाढीच्या अंदाजाआधी विचारायला हवा.

प्रिवीचं उदाहरण नवी मुंबईकर हटकून देतात, कारण कार्यालय कोपरखैरण्याला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर. ही कंपनी पहिल्या शाखेतली. पाइनच्या लाकडापासून कागदाचा लगदा करणाऱ्या गिरण्यांमधून क्रूड सल्फेट टर्पेंटाइन हा जोडमाल निघतो. प्रिवी तो आणून महाडला त्यातून पाइनीन वेगळं करते आणि पुढे सुगंधी रेणू बनवते. हे रेणू जिवोदानसारखे मोठे मिश्रणकार विकत घेतात. जिवोदानबरोबर तिचा ५१-४९ टक्क्यांचा संयुक्त प्रकल्पही आहे. इथे कृतीची जादू नाही हे सगळ्यांनाच मान्य. तरी एकाच वेळी टर्पेंटाइनचा पुरवठा, शुद्धतेची खात्री आणि मोठी क्षमता जमवणारे थोडेच, असं तिचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

त्याच शाखेचा कडू अनुभव कॅम्लिन फाइन सायन्सेसच्या भागधारकांना आला. कॅम्लिनचं मूळ असलेल्या दांडेकरांच्या शाईच्या धंद्याची सुरुवात १९३१ ची. रसायनांचा भाग २००६ मध्ये वेगळा झाला. कंपनीने दहेजला आधी डायफिनॉल हा कच्चा माल आणि मग त्यावर व्हॅनिलिन उभं केलं. कागदावर साखळी सुरेख होती, पण नेमकं तेव्हाच चिनी व्हॅनिलिनचे भाव कोसळले. २०२५ मध्ये युरोपीय संघाने चिनी व्हॅनिलिनवर अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्त आयातीवरचा जादा कर) लावलं, तेव्हा वाद पुन्हा पेटला. दीडशे वर्षांपूर्वी ज्या रेणूने उद्योग सुरू झाला, त्याचा नफा आज ब्रसेल्सच्या शुल्कावर अवलंबून असावा, हे पहिल्या शाखेचं प्राक्तन आहे.

या गटांत विलायतेतल्या ट्रीट कंपनीचं नावही निघतं. ते शेअर घ्यायला नव्हे, इथल्या कंपन्या ताडून पाहायला. १८८६ ची ही कंपनी, मुख्य बळ संत्री-लिंबांच्या तेलात. संत्र्याचं तेल सालीत असतं. रस काढताना ते जोडीने मिळतं. म्हणजे पुरवठा तेलाच्या मागणीवर नाही, रसाच्या धंद्यावर आणि झाडांच्या प्रकृतीवर ठरतो. फ्लोरिडात २००५ मध्ये सिट्रस ग्रीनिंग हा रोग सापडला. २००३-०४ च्या हंगामात तिथे सुमारे २४ कोटी पेट्या संत्री झाली होती. २०२२-२३ मध्ये सुमारे १ कोटी ६० लाख. ब्राझीलच्या बागांनाही हा रोग लागला आणि तेल कडाडलं.

मधल्या काळात ट्रीटने साध्या तेलाकडून चहा, फळं, कमी साखरेच्या पेयांसाठीच्या चवींकडे मोर्चा वळवला होता. बाजाराला ही गोष्ट फार आवडली. २०२१ च्या अखेरीस शेअर १२ पौंडांच्या वर गेला, कारण तेव्हा तिला सगळे कृतीची कंपनी म्हणत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने नफ्याचा अंदाज खाली आणला. अमेरिकेत चहाच्या पेयांची मागणी मंदावली होती आणि चलनातही फटका बसला होता. २०२५ मध्ये महाग तेलामुळे गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतल्याचं तिनेच सांगितलं. तीच माणसं, तीच यंत्रं, पण तोवर तिची ओळख पुन्हा तेलवाली झाली होती.

माझं मत इथे येऊन ठरतं. कृती की कच्चा माल हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय. या कंपन्या दोन्ही विकतात. शेअर चढला की पहिलं नाव मिळतं, पडला की दुसरं. विचारायचं ते एवढंच, की माल महागल्यावर नवा भाव गिऱ्हाइकाला किती महिन्यांनी लागतो आणि तोवर गोदामातला साठा कुणाच्या पैशाने पडून असतो. महागाई चढताना जुना स्वस्त साठा नफा फुगवून दाखवतो, उतरताना महाग साठा तो खाऊन टाकतो. दोन्ही वेळा कंपनी तीच असते. कॉनकॉलच्या ध्वनिफिती आणि लेखी नोंदी कंपन्यांनी जाहीर कराव्यात, असं सेबीने नियमात आणल्यापासून ही माहिती घरबसल्या पाच-सहा तिमाह्या मागे जाऊन शोधता येते. वेळ लागतो खरा, पण पीईवर वाद घालण्यातही जातोच.

ट्रीटच्या बाबतीत सप्टेंबर २०२५ मध्ये नातारा या सुगंधी घटकांच्या कंपनीने प्रति शेअर २६० पेन्स देऊन कंपनी घेण्याचा प्रस्ताव ठेवला आणि पुढे तो वाढवला. तेवढ्यात जर्मनीची डोलर ही याच धंद्यातली कंपनी बाजारातून शेअर गोळा करत चौथ्या हिश्श्याच्या पुढे गेली. कंपनी घेण्याची अशी योजना मंजूर व्हायला भागधारकांची ७५ टक्के मतं लागतात, त्यामुळे नाताराची योजना बारगळली. ठाण्यात याचे दोन अर्थ लावले गेले. काहींना वाटलं, धंदा जाणणारा प्रतिस्पर्धी खुल्या बाजारात इतके शेअर घेतो, म्हणजे कृतीला किंमत आहे. काहींनी २०२१ मध्ये फिरमेनिश या स्विस फ्लेवर-सुगंध कंपनीने केळकरमध्ये घेतलेल्या सुमारे दहा टक्क्यांकडे बोट दाखवलं: तिथेही जाणता प्रतिस्पर्धी आत आला होता, पण त्याच्या येण्याने लहान भागधारकाला भावात काय मिळालं, ते सांगा.