पाळी बदलताना निसटणारी माहिती

२५ सप्टेंबर २०१४ च्या रात्री अमेरिकेतील डॅलस शहरातल्या टेक्सास हेल्थ प्रेस्बिटेरियन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ताप आणि पोटदुखीची तक्रार घेऊन एक रुग्ण आला. तो आफ्रिकेतून आल्याचे परिचारिकेने विचारून घेतले आणि संगणकातील नोंदीत लिहिलेही. मात्र काही तासांनी अँटिबायोटिक देऊन त्याला घरी पाठवण्यात आले. २८ तारखेला तो रुग्णवाहिकेतून परत आला, ३० तारखेला इबोलाचे निदान झाले आणि ८ ऑक्टोबरला त्याचा मृत्यू झाला. अमेरिकेत निदान झालेला इबोलाचा हा पहिला रुग्ण होता. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांनाही लागण झाली. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या.

परिचारिका आणि डॉक्टर यांच्या कामाचे संगणकावरचे पडदे वेगवेगळे असल्यामुळे प्रवासाची नोंद डॉक्टरांच्या पडद्यावर आपोआप आली नाही, असा खुलासा रुग्णालयाने २ ऑक्टोबरला केला. दुसऱ्याच दिवशी तो मागे घेण्यात आला: प्रणालीत दोष नव्हता, माहिती डॉक्टरांनाही उपलब्ध होती. यंत्रावर खापर फोडण्याची सोय हातची गेली हे खरे, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने हा दुसरा खुलासाच मला अधिक गंभीर वाटतो. नोंद बिनचूक होती, उघडून पाहता येत होती आणि तरीही ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्यापर्यंत ती वेळेत पोहोचली नाही.

रुग्णाची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या प्रक्रियेला रुग्णालयात हँडओव्हर म्हणतात. पाळी बदलताना, शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात नेताना, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवताना तो होतो. अमेरिकेत २००३ मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांसाठी सलग कामाची मर्यादा १६ तासांवर आणली गेली. थकलेल्या डॉक्टरच्या हातून होणाऱ्या चुका टाळणे हा हेतू योग्यच होता, पण पाळ्या जितक्या आखूड, तितके हँडओव्हर अधिक.

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींचा प्रसार याच सुमारास वाढला. २००९ च्या कायद्याने त्यासाठी मोठे आर्थिक प्रोत्साहन दिले. या नोंदींचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. चालू औषधे, ॲलर्जी, ताजे तपासणी अहवाल संगणक स्वतःहून हँडओव्हरच्या यादीत ओढून आणतो, म्हणजे हाताने उतरवून घेताना होणारी चूक आणि जाणारा वेळ दोन्ही वाचतात. वॉशिंग्टन विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयांतील, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशी यादी वापरल्यावर राउंडमध्ये पाहायचे राहून जाणाऱ्या रुग्णांची संख्या जवळपास निम्मी झाली.

मात्र संगणकात मजकूर वाढवणे फार स्वस्त झाले आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या टिपणांची छाननी केली असता त्यांतील केवळ १८ टक्के मजकूर नव्याने टंकलेला आढळला. ४६ टक्के आधीच्या टिपणांतून उचललेला होता आणि उरलेला प्रणालीने आपोआप भरला होता. हे निष्कर्ष २०१७ चे आहेत. तीन दिवसांपूर्वीची स्थिती आजच्या तारखेखाली उभी राहिली, तर रात्रपाळीला आलेल्या डॉक्टरने त्यातले नवे काय आणि शिळे काय हे कसे ओळखावे?

याचे सर्वांत भक्कम उत्तर २०१४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘आय-पास’ अभ्यासाने दिले. अमेरिका आणि कॅनडातील बालरोग विभागांच्या नऊ निवासी प्रशिक्षण कार्यक्रमांत, एकूण १०,७४० दाखल रुग्णांवर तो झाला. हँडओव्हरचा क्रम ठरवून दिला गेला: प्रथम आजाराची तीव्रता, मग रुग्णाचा थोडक्यात वृत्तांत, करायच्या कामांची यादी, पुढे काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करायचे याची आखणी, आणि अखेरीस ऐकणाऱ्याने आपल्याला काय समजले ते स्वतःच्या शब्दांत सांगणे. त्याला लेखी तक्त्याची जोड होती, प्रशिक्षण होते आणि प्रत्यक्ष हँडओव्हरच्या वेळी बाजूला उभे राहून निरीक्षण करणारे वरिष्ठही होते. वैद्यकीय चुकांचे प्रमाण २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजांचे ३० टक्क्यांनी घटले. हँडओव्हरचा वेळ मात्र वाढला नाही. दर रुग्णामागे आधी २.४ मिनिटे लागत, नंतर २.५. सर्वत्र सारखा गुण आला असेही नाही, कारण चुकांतील लक्षणीय घट नऊपैकी सहाच ठिकाणी दिसली.

या पाच भागांपैकी दुसरा आणि तिसरा संगणक बऱ्याच अंशी भरू शकतो. चौथ्या भागात डॉक्टरचा अंदाज असतो, ‘या मुलाचा श्वास पहाटेपर्यंत वाढेल असे मला वाटते’ अशा स्वरूपाचा, आणि तो कोणत्याही तपासणी अहवालात सापडत नाही. पाचवा भाग तर ऐकणाऱ्याच्या तोंडूनच यावा लागतो. गैरसमज तिथेच उघडा पडतो आणि जाणारा डॉक्टर अजून समोर असल्यामुळे लगेच दुरुस्त करता येतो. नोंद वाचून घेताना ही सोय नसते.

भारतात सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य खात्याचा क्रमांक, मिळतो आणि रुग्णाच्या संमतीने एका रुग्णालयातील नोंदी दुसऱ्याला पाहता येतात. जुन्या केसपेपरांची पिशवी घेऊन फिरणाऱ्या रुग्णासाठी ही मोठी सोय आहे, पण ती प्रामुख्याने दोन रुग्णालयांमधला दुवा सांधते. एकाच वॉर्डात पाळी बदलताना काय बोलले जावे हे त्या रुग्णालयालाच ठरवावे लागेल, आणि त्यासाठी जाणारी व येणारी पाळी काही मिनिटे एकत्र हजर राहील अशी तजवीज ड्यूटीच्या तक्त्यातच करावी लागेल.